अमेरिकेतल्या सरकारी प्राथमिक शाळेचे आकडे कसे वाचायचे: आधी पट, मग निकाल

अमेरिकेत घर शोधायला लागलं की घराच्या फोटोंखाली जवळच्या शाळांची नावं आणि प्रत्येक नावापुढे १ ते १० मधला एक आकडा दिसतो. झिलो, रेडफिनसारख्या साइटवरचा हा आकडा ग्रेटस्कूल्स या ना-नफा संस्थेचा असतो. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून झटपट निवाडे होतात: ‘सहाची शाळा? मग तो भाग बघूच नका.’ तीस वर्षांचं कर्ज काढताना आपण पाव टक्का व्याजासाठी चार बँकांना फोन करतो. शाळेच्या बाबतीत मात्र एका आकड्यावर विसंबतो, आणि तो कशापासून बनलाय हे विचारतही नाही.

हा लेख किंडरगार्टन ते पाचवीच्या वयाची मुलं असलेल्या आणि शाळा बघून जागा घेऊ पाहणाऱ्या पालकांसाठी आहे. लागणारी जवळपास सगळी माहिती सरकारी साइटवर फुकट मिळते. दोन-तीन शाळांची तुलना करायला एक निवांत संध्याकाळ पुरते.

मुळातली गोष्ट आधीच सांगून टाकते. शाळेतली किती टक्के मुलं राज्याच्या परीक्षेत अपेक्षित पातळी गाठतात, हा आकडा मुख्यतः त्या शाळेत कोणत्या घरांतली मुलं येतात ते सांगतो. शाळा त्या मुलांना काय देते, ते त्यातून फारच थोडं कळतं. हे काही नवं नाही. १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दाखवलं होतं की गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. अलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शॉन रिअर्डन यांच्या गटाने देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या परीक्षांचे निकाल एका मापावर आणले. सरासरी गुण घरच्या आर्थिक स्थितीशी घट्ट बांधलेले दिसले, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात याचा श्रीमंतीशी संबंध बराच सैल निघाला. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पटावर कोण आहे ते बघायचं, मग निकाल उघडायचा.

पायरी १: शाळा नक्की कोणती ते ठरवा

घराच्या जाहिरातीत दिलेली शाळा हीच त्या पत्त्याची शाळा, असं धरून चालू नका. स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, साइटवर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते, तिथलंच उत्तर खरं माना. रस्त्याच्या एका बाजूची घरं एका शाळेत आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या शाळेत, हे अगदी सर्रास असतं. शिवाय लिंकन, वॉशिंग्टन, जेफरसन या नावांच्या शाळा गावोगाव आहेत. केंद्र सरकारच्या नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्सच्या साइटवर शाळा शोधली की तिचा १२ अंकी क्रमांक मिळतो. पहिले सात अंक डिस्ट्रिक्टचे, पुढचे पाच शाळेचे. तो लिहून ठेवा.

पायरी २: पट वाचा

याच साइटवर प्रत्येक सरकारी शाळेचं एक पान असतं. त्यावर इयत्तावार पटसंख्या, वंश-वांशिकतेनुसार विभागणी, मुलं-मुली, सवलतीच्या जेवणास पात्र मुलं, शिक्षकसंख्या आणि टायटल वन दर्जा दिलेला असतो. हे आकडे एक-दोन वर्षं जुने असतात. राज्याच्या शिक्षण विभागाच्या साइटवर बहुधा ताजे सापडतात.

इयत्तावार पट आधी बघा, कारण तो फारसं कुणी बघत नाही. किंडरगार्टनमध्ये ११० आणि पाचवीत ७० मुलं असतील तर दोन शक्यता असतात: वस्तीत नवी कुटुंबं येताहेत आणि शाळा लवकरच तुडुंब भरणार, किंवा मोठी होता होता मुलं दुसरीकडे जाताहेत. उलट चौथीत पट अचानक फुगला असेल तर डिस्ट्रिक्टचा गिफ्टेड वर्ग (हुशार म्हणून निवडलेल्या मुलांचा वेगळा वर्ग) याच शाळेत भरतो का, ते तपासा. तसं असेल तर त्या शाळेचा निकाल आजूबाजूच्या वस्तीचा राहत नाही; अख्ख्या डिस्ट्रिक्टमधून निवडून आणलेली मुलं त्यात मिसळलेली असतात. तुमचं मूल त्या वर्गात बसणार नसेल तर वरचा आकडा त्याच्या काही कामाचा नाही.

आता जेवणाचा आकडा. अमेरिकेत शाळेतली गरिबी बहुतेक करून यावरून मोजतात. कुटुंबाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १३० ते १८५ टक्क्यांमध्ये असेल तर सवलतीच्या दरात. ही टक्केवारी ८ असणं आणि ६० असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि परीक्षेच्या निकालाचा अंदाज यावरून बऱ्यापैकी बांधता येतो.

पण हा आकडा आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. २०१० च्या कायद्याने ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन’ नावाची तरतूद आणली आणि २०१४-१५ पासून ती देशभर लागू झाली. ज्या शाळेत फूड स्टॅम्पसारख्या योजनांमुळे आपोआप पात्र ठरणारी मुलं ४० टक्के असतील, तिथे सगळ्यांनाच फुकट जेवण देता येतं आणि घरोघरी अर्ज भरून घ्यावे लागत नाहीत. २०२३ मध्ये ही अट २५ टक्क्यांवर आणली. परिणाम असा की काही शाळांच्या पानावर १०० टक्के मुलं पात्र दिसतात, प्रत्यक्षात निम्मी घरं मध्यमवर्गीय असतात. कॅलिफोर्नियाने २०२२-२३ पासून सगळ्याच मुलांना शाळेत फुकट जेवण सुरू केलं, मिनेसोटाने २०२३-२४ पासून. तिथे काही घरं अर्ज भरायचा कंटाळा करतात आणि आकडा उलट्या दिशेने चुकतो. म्हणून जेवणाच्या टक्केवारीसोबत ‘डायरेक्ट सर्टिफिकेशन’चा (सरकारी योजनांमुळे आपोआप पात्र ठरलेल्या मुलांचा) किंवा राज्याच्या रिपोर्ट कार्डवरचा, म्हणजे शाळेच्या वार्षिक प्रगतिपत्रकावरचा, ‘इकॉनॉमिकली डिसअॅडव्हान्टेज्ड’ हा आकडाही बघा. दोन्ही जवळपास असतील तर विश्वास ठेवा. लांब असतील तर शाळेच्या ऑफिसात फोन करून विचारा.

‘टायटल वन’ या शिक्क्याबद्दल आपल्याकडे विनाकारण धास्ती आहे. १९६५ च्या शिक्षण कायद्यातल्या या कलमाखाली गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्राकडून जादा पैसे मिळतात. असा निधी मिळणाऱ्या शाळेत ४० टक्के किंवा जास्त मुलं गरीब घरातली असतील तर ते पैसे अख्ख्या शाळेसाठी वापरता येतात. त्यातून वाचनाच्या खास शिक्षिका किंवा वर्गात मदतनीस ठेवता येतात. हा शाळेच्या दर्जावरचा शेरा नाही. खर्चाच्या खात्यातली ती एक नोंद आहे.

वंशाच्या रकान्यांत सात गट असतात: हिस्पॅनिक, गोरे, काळे, एशियन, मूळ अमेरिकन, पॅसिफिक बेटांवरचे आणि दोन किंवा अधिक वंशांचे. हिस्पॅनिक अशी खूण केली की मूल फक्त त्याच गटात मोजलं जातं, वंश कोणताही असो. आपली मुलं ‘एशियन’मध्ये जातात, आणि त्याच रकान्यात चिनी, व्हिएतनामी, कोरियन, ह्मॉंग निर्वासितांची नातवंडंही असतात. त्यामुळे ‘५५ टक्के एशियन’ यावरून शाळेत मराठी-तेलुगू किती ऐकू येईल ते कळत नाही आणि घरांची आर्थिक स्थितीही कळत नाही.

‘एशियन जास्त म्हणजे शाळा चांगली’ हा समज मला सगळ्यात पोकळ वाटतो. ज्या वस्तीत निम्मी मुलं संध्याकाळी कुमॉन किंवा रशियन मॅथला जातात, तिथे गणिताच्या निकालात त्या क्लासच्या फीचाही वाटा असतो. रिपोर्ट कार्डवर मात्र सगळं श्रेय शाळेच्या नावावर जमा होतं.

शिक्षक-विद्यार्थी गुणोत्तराकडे फार लक्ष देऊ नका. त्यात स्पेशल एज्युकेशनचे (अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवणारे) आणि विशेष विषयांचे शिक्षकही धरलेले असतात. गुणोत्तर १७ दिसलं तरी वर्गात २५ मुलं असू शकतात. वर्ग केवढा, ते थेट शाळेलाच विचारायचं.

पायरी ३: निकाल उघडा, पण तो किती मुलांचा आहे ते आधी बघा

२०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’नुसार प्रत्येक राज्याला तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणिताची परीक्षा दरवर्षी घ्यावी लागते आणि शाळेगणिक रिपोर्ट कार्ड जाहीर करावं लागतं. विज्ञानाची परीक्षा तिसरी ते पाचवीच्या दरम्यान एकदाच. म्हणजे किंडरगार्टन ते पाचवीच्या शाळेत सहापैकी फक्त तीनच इयत्ता या आकड्यांत येतात. किंडरगार्टन, पहिली आणि दुसरी, जिथे मूल वाचायला शिकतं, ती वर्षं निकालाच्या रकान्यात थेट कुठेच नाहीत.

दुसरी गोष्ट, पातळ्यांची नावं. टेक्सासच्या स्टार परीक्षेत चार पातळ्या आहेत: अपेक्षा पूर्ण नाहीत, ‘अप्रोचेस’, ‘मीट्स’ आणि ‘मास्टर्स’. यातली ‘अप्रोचेस’ म्हणजे उत्तीर्ण, पण इयत्तेच्या मानाने खऱ्या अर्थाने तयार म्हणजे ‘मीट्स’. एकाच शाळेचे ‘८० टक्के’ आणि ‘५२ टक्के’ असे दोन आकडे दोन ठिकाणी दिसले आणि दोन्ही खरे निघाले तर नवल नाही. न्यू जर्सीच्या परीक्षेत पाच पातळ्या आहेत आणि वरच्या दोन धरतात. कोणतीही टक्केवारी वाचताना ती कोणत्या पातळीच्या वरची, ते आधी शोधा.

राज्याराज्यांत तर तुलना करूच नका. टेक्सासमधून न्यू जर्सीत बदली झाली म्हणून दोन शाळांचे टक्के शेजारी मांडायचे, तर परीक्षा वेगळी, कसोटी वेगळी. देशभर एकाच मापाची परीक्षा म्हणजे नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस, बोलीभाषेत ‘नेप’. ती राज्यांचे आणि काही मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टचे निकाल देते, शाळेचे देत नाही. २०२४ मध्ये देशातल्या चौथीच्या मुलांपैकी वाचनात ३१ टक्के आणि गणितात ३९ टक्के ‘प्रोफिशियंट’ किंवा वर होती. आणि नेपचं ‘प्रोफिशियंट’ हे इयत्तेच्या साध्या अपेक्षेपेक्षा वरचं माप आहे. तुमच्या राज्याचा चौथीचा निकाल नेपपेक्षा कितीतरी वर असेल तर राज्याची कसोटी नेपच्या मापापेक्षा सैल आहे असं समजायला हरकत नाही.

आता संख्येचं गणित. तिसरीत ६० मुलं परीक्षेला बसली असतील तर एक मूल म्हणजे १.७ टक्के. समजा निकाल ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. शाळेने काहीही बदललं नाही तरी केवळ त्या वर्षीची मुलं वेगळी म्हणून तो सहा-सात टक्क्यांनी वर-खाली होणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे ‘यंदा शाळा घसरली’ म्हणून जी चर्चा रंगते, ती कित्येकदा चार मुलांची असते. एका वर्षाच्या एका इयत्तेवरून काहीही ठरवू नका. तीन वर्षं, तिन्ही इयत्ता मिळून बघा.

वर्षं निवडताना २०२० वगळावंच लागतं. त्या वसंतात परीक्षाच झाल्या नाहीत. २०२१ मध्येही कित्येक ठिकाणी थोडीच मुलं बसली. २०२२ पासूनची मालिका धरा.

किती टक्के मुलं परीक्षेला बसली तेही तपासा. कायद्याची अपेक्षा ९५ टक्क्यांची आहे, पण काही भागांत पालक मुलांना परीक्षेला बसू देत नाहीत. न्यू यॉर्क राज्यात २०१५ मध्ये दर पाच मुलांमागे साधारण एक मूल असं बाहेर राहिलं होतं. ७० टक्केच मुलं बसली असतील तर त्या शाळेच्या निकालावरून डोकं खाजवत बसू नका.

रिपोर्ट कार्डवर मधूनच फुल्या किंवा ‘९५ पेक्षा जास्त’ असं दिसतं. गट इतका लहान असतो की आकडा छापला तर मूल ओळखू येईल, म्हणून तो झाकतात. गट किमान किती मोठा हवा हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. झाकलेला आकडा म्हणजे वाईट आकडा नव्हे.

पायरी ४: गटवार निकाल, म्हणजे या लेखाचा गाभा

प्रत्येक रिपोर्ट कार्डवर निकाल गटवार फोडून द्यावा लागतो: आर्थिकदृष्ट्या दुर्बळ, वंशगट, अपंगत्व असलेली मुलं, इंग्लिश शिकणारी मुलं. एकूण आकडा बाजूला ठेवा आणि इथे या.

दोन काल्पनिक शाळा घ्या. दोन्हींत २०० मुलं गणिताच्या परीक्षेला बसली.

पहिली शाळा: १६० मुलं सुस्थितीतल्या घरांतली, त्यांतली ७५ टक्के, म्हणजे १२०, अपेक्षित पातळीला पोचली. ४० मुलं गरीब घरांतली, त्यांतली ४० टक्के, म्हणजे १६. एकूण १३६, निकाल ६८ टक्के.

दुसरी शाळा: ६० मुलं सुस्थितीतली, त्यांतली ८० टक्के, म्हणजे ४८. १४० गरीब घरांतली, त्यांतली निम्मी, म्हणजे ७०. एकूण ११८, निकाल ५९ टक्के.

साइटवर पहिली शाळा ठळकपणे पुढे दिसेल आणि तिथल्या घरांच्या किमतीही तेच बोलतील. पण सुस्थितीतलं मूल असो वा गरीब, दोघांचाही निकाल दुसऱ्या शाळेत चांगला आहे. एकूण आकडा खाली आला तो फक्त पटावरच्या प्रमाणामुळे. तुमचं मूल यांपैकी एकाच गटात आहे, आणि त्या गटाची ओळच तुमच्या कामाची.

प्रत्यक्षात करायचं असं: दोन-तीन शाळांची नावं एका कागदावर, उभ्या रकान्यात गट, प्रत्येक गटापुढे बसलेल्या मुलांची संख्या आणि टक्के. वीस-पंचवीसपेक्षा कमी मुलांचा गट असेल तर त्यावर पेन्सिलीने फुली मारा. मग आडवं वाचा. सुस्थितीतल्या गटाचा निकाल सगळीकडे सारखाच आणि एकूण आकड्यांत मात्र मोठी तफावत, असं चित्र वारंवार दिसतं.

आणखी एक ओळ आवर्जून वाचा: शाळेतल्या दुर्बळ गटाचा निकाल राज्यातल्या त्याच गटाच्या तुलनेत कसा आहे. तुमचं मूल त्या गटात नसलं तरी. घरून फार मदत न मिळणाऱ्या मुलांना जी शाळा पुढे नेते, तिथे शिकवणं वर्गातच होतंय याचा तो पुरावा आहे. ९ रेटिंगच्या शाळेत हा गट राज्याच्या सरासरीखाली असेल तर तिथलं यश बऱ्यापैकी घरातून आलेलं आहे.

मधेच: इंग्लिश शिकणाऱ्या मुलांची ओळ आणि तुमचा स्वतःचा फॉर्म

इंग्लिश लर्नर गटाचा निकाल जवळपास सगळ्या शाळांत खाली दिसतो, आणि त्याचं कारण मोजमापातच आहे. मुलाचं इंग्रजी पुरेसं झालं की ते त्या गटातून बाहेर पडतं. मागे उरतात ती नवी आलेली किंवा अजून अडखळणारी. वर्गातल्या पास झालेल्यांना वगळून नापासांचीच सरासरी काढावी, तसा हा प्रकार. कायदा राज्यांना बाहेर पडलेल्या मुलांना चार वर्षांपर्यंत याच गटात मोजायची मुभा देतो, पण सगळीकडे तसं दाखवत नाहीत. त्याऐवजी किती मुलं दरवर्षी इंग्रजीत प्रगती करतात तो वेगळा आकडा बघा. तोही रिपोर्ट कार्डवर असतो.

हे आपल्याशी थेट जोडलेलं आहे. शाळेत नाव घालताना ‘होम लँग्वेज सर्व्हे’ नावाचा छोटा कागद येतो. प्रश्न साधारण असे: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं? घरी ते जास्त कोणती बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता? घरातली मोठी माणसं आपसांत कोणती बोलतात? बरेच मराठी पालक इथे चारही ठिकाणी ‘इंग्लिश’ लिहितात, कारण ‘मुलाला ईएसएलमध्ये (इंग्रजी शिकवण्याच्या वेगळ्या वर्गात) टाकतील’ अशी भीती. मराठी लिहिलं तर मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते. अनेक राज्यांत विडा या संस्थेची, कॅलिफोर्नियात एल्पॅक. घरी मराठी असूनही मुलाचं इंग्रजी चांगलं असेल तर ते चाचणीत दिसतं आणि विषय तिथेच संपतो. मदतीची गरज निघाली तर शाळेने वर्षाच्या सुरुवातीच्या ३० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं, आणि ती मदत नाकारायचा हक्क तुम्हाला असतो, मात्र इंग्रजीची वार्षिक चाचणी तरीही द्यावी लागते. खरं ते लिहा. नुकत्याच भारतातून आलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षी मिळणारी ही मदत फुकट असते आणि बहुतेकदा चांगली असते.

पायरी ५: प्रगती मोजा

पातळी म्हणजे मूल कुठे आहे; प्रगती म्हणजे वर्षभरात ते कुठून कुठे आलं. शाळेचं काम दुसऱ्यात जास्त दिसतं. अनेक राज्यं ‘स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल’ देतात. गेल्या वर्षी साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांशी तुमच्या मुलाची तुलना होते. शाळेचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधल्या मुलाचा आकडा) ५० म्हणजे राज्याच्या सरासरी वेगाने, ६० च्या वर म्हणजे चांगलंच पुढे.

प्राथमिक शाळेत याला एक मर्यादा आहे. तिसरीच्या मुलाचा आधीचा राज्य-निकाल नसतो, त्यामुळे प्रगतीचा आकडा मुख्यतः चौथी आणि पाचवी या दोनच इयत्तांवर उभा असतो. छोट्या शाळेत तोही डगमगतो.

राज्य असा आकडा देत नसेल तर घरी करता येण्याजोगी युक्ती: निकालाच्या तक्त्यात तिरकं वाचा. २०२२ ची तिसरी, २०२३ ची चौथी, २०२४ ची पाचवी, ही जवळपास तीच मुलं. एका शाळेत हे आकडे ५२, ५७, ६३ असे जात असतील आणि दुसरीत ७१, ६८, ६४ असे, तर पाचवीच्या शेवटी दोघी शेजारी-शेजारी आहेत, पण पहिली चढतेय आणि दुसरी उतरतेय. याच तीन वर्षांची राज्याची तिरकी ओळही काढा, कारण राज्यभर पाचवीचं गणित अवघड जात असेल तर घसरणीचा दोष शाळेचा नाही. मुलं मधेच येत-जात असतील किंवा चौथीत गिफ्टेड वर्गासाठी हुशार मुलं दुसरीकडे जात असतील तर हा हिशेब बिघडतो; इयत्तावार पट आधी बघायला सांगितला तो यासाठीही.

स्टॅनफर्डच्या त्या गटाचं ‘ऑपॉर्च्युनिटी एक्सप्लोरर’ नावाचं साधन सगळ्यांना खुलं आहे. त्यात शाळेची सरासरी पातळी आणि शिकण्याचा वेग वेगवेगळे दिसतात. ग्रेटस्कूल्सचंही पान पूर्ण उघडलं तर मुख्य आकड्याखाली प्रगतीचा आणि परीक्षेचा आकडा वेगळा दिलेला असतो, जिथे राज्याकडून माहिती मिळते तिथे. लोक तिथपर्यंत खाली सरकतच नाहीत.

पायरी ६: हजेरी

वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाला ‘क्रॉनिकली ॲब्सेंट’ म्हणतात. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. कारण आजारपण असो की प्रवास, मोजणीत फरक नाही. महासाथीआधी देशात साधारण १५ टक्के मुलं यात होती, २०२१-२२ मध्ये २८ टक्क्यांपर्यंत गेली. हा आकडा शाळेच्या वातावरणाबद्दल रेटिंगपेक्षा जास्त बोलतो. गरिबी सारखीच असलेल्या दोन शाळांत एकीकडे १२ आणि दुसरीकडे ३० टक्के असतील, तर पहिल्या शाळेत कुणीतरी घरी फोन करतंय.

आपण स्वतःही यात भर घालतो. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून चार आठवडे भारतात गेलं, वर दोनदा ताप आला, की मूल या यादीत. काही डिस्ट्रिक्टमध्ये सलग ठरावीक दिवस गैरहजर राहिल्यास नाव पटावरून कमी करतात, आणि शाळा भरलेली असेल तर परत तीच मिळेल याची खात्री नसते. तिकिटं काढायच्या आधी ऑफिसात विचारा. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी आधी अर्ज केला तर ‘इंडिपेंडंट स्टडी’ची सोय असते.

निलंबनाचे, नवख्या शिक्षकांचे आणि समुपदेशकांचे आकडे केंद्राच्या सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शनमध्ये मिळतात. ते बरेच जुने असतात, ओझरते बघा. दरडोई खर्चाचा आकडाही आता शाळेगणिक द्यावा लागतो, पण प्राथमिक शाळेत जास्त खर्च म्हणजे कित्येकदा जुने, जास्त पगाराचे शिक्षक किंवा स्पेशल एज्युकेशनचे जास्त वर्ग. त्यावरून बरं-वाईट ठरत नाही.

पायरी ७: शाळेत जा

घराच्या एजंटला ‘इथली शाळा चांगली का, कुठली मुलं येतात?’ असं विचारलंत तर बहुतेकदा तो विषय टाळेल. त्यात चिडण्यासारखं काही नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टमुळे वंशाच्या आधारे गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परावृत्त करणं बेकायदा आहे, आणि शाळेवरचं मत त्यात मोडू शकतं. ते काम तुमचं तुम्हालाच करायचं आहे.

बऱ्याच शाळा वसंत ऋतूत नव्या किंडरगार्टन पालकांसाठी भेट ठेवतात. जाताना कागदावरचे आकडे बरोबर न्या आणि आकड्यांत नसलेलंच विचारा. दुसरीपर्यंतच्या मुलांचं वाचन कशाने तपासता? आय-रेडी, मॅप, डिबेल्स अशांपैकी एखादं नाव पटकन यायला हवं, आणि पाठोपाठ ‘जानेवारीत मागे पडलेलं मूल सापडलं तर पुढे काय करता?’ याचंही. अक्षर-ध्वनीचं शिकवणं रोज किती मिनिटं होतं? वर्गात सगळ्यांच्या पुढे असलेल्या मुलाला काय देता? गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? आणि मुख्याध्यापकांना एक: तुमच्या शाळेतला कोणता गट तुम्हाला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो? ज्यांना गटवार निकाल तोंडपाठ असतात ते लगेच उत्तर देतात. ‘आमच्याकडे सगळीच मुलं छान करतात’ हे उत्तर रेटिंग ९ असो वा ५, मला आवडत नाही.

टायटल वन शाळेत मुलाच्या शिक्षकाची शैक्षणिक पात्रता विचारायचा पालकांना कायदेशीर हक्क आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक शाळेचं वार्षिक ‘सार्क’ कागदपत्र १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर व्हावं लागतं. त्यात इमारतीच्या डागडुजीपासून पुस्तकांपर्यंत सगळं असतं.

शेवटचं काम घराच्या करारावर सही करण्याआधीचं. स्कूल बोर्डाच्या गेल्या वर्षभरातल्या सभांची इतिवृत्तं डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतात. त्यांत ‘बाउंड्री’ हा शब्द शोधा. झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरांत नवी शाळा उघडली की सीमा नव्याने आखतात, आणि पट घसरलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळा बंद करतात. तसा विषय चालू असेल तर तुमच्या पत्त्याला पुढे मिळू शकणारी दुसरी शाळाही त्याच कागदावर आणखी एका रकान्यात मांडा आणि तिचे गटवार आकडे भरा.